वाचक विचारतात : अनवाणी अबेबे, आणि बुटातला अबेबे

मागच्या अंकात "पळायला सुरुवात करायची तर महागाचे बूट हवेतच का" या प्रश्नाला उत्तर देताना मी अबेबे बिकिलाचं नाव एका ओळीत घेतलं होतं, इथिओपियाचा तो, १९६० ला रोममध्ये अनवाणी पळून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला वगैरे, आणि पुढे निघून गेलो. झालं, महिनाभर पत्रं आणि मेल सगळी त्याच्याचबद्दल, बुटांबद्दल एकही नाही. म्हणून यावेळचं सदर अख्खं त्यालाच देऊन टाकतोय, बाकीच्यांचे गुडघे आणि टाचा पुढच्या महिन्यात बघू.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. परिपाठात मुलांना मी नेहमी सांगते की अबेबेकडे बूट घ्यायला पैसे नव्हते तरी तो जिंकला. व्हॉट्सॲपवर पण हेच फिरतं. हे खरं आहे ना? (एक शिक्षिका, कराड)

बाई, अर्धं खरं आहे, आणि जे अर्धं खोटं आहे ना तेच मुलांच्या डोक्यात बसतं.

घरची गरिबी होती हे खरं. जन्म ७ ऑगस्ट १९३२ चा, जातो नावाच्या खेड्यातला, गुरं राखत मोठा झाला. गंमत म्हणजे त्याच दिवशी तिकडे लॉस एंजेलिसला ऑलिंपिकची मॅरेथॉन चालू होती. पण रोमला गेला तेव्हा तो काही रस्त्यावरून उचलून आणलेला फाटका पोरगा नव्हता, २८ वर्षांचा होता, सम्राट हैले सेलासीच्या इम्पीरियल गार्डमधला पगारी शिपाई होता आणि ओनी निस्कानेन नावाचा कोच त्याच्याकडून पद्धतशीर तयारी करून घेत होता. हा निस्कानेन मूळ फिनलंडचा, स्वीडनला स्थायिक झालेला आणि तिथून इथिओपियात आलेला. त्याच वर्षी आदिस अबाबात अबेबेने २ तास २१ मिनिटांत मॅरेथॉन मारली होती. आता हे शहर समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरच्या वर, विरळ हवेतलं, आणि तेव्हाचा ऑलिंपिक विक्रम चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकचा २ तास २३ मिनिटांचा, तोही समुद्रसपाटीजवळच्या हेलसिंकीतला! म्हणजे घड्याळ आधीपासून सांगत होतं, फक्त आदिसचं घड्याळ युरोपात कोणी बघत नव्हतं.

मग बूट? रोमला पोचल्यावर नवे बूट घेतले, ते नीट बसेनात, पायाला फोड आले. अनवाणी पळायची सवय होतीच, त्या पायांनी आदिसच्या रस्त्यांवर प्रॅक्टिस केलेली. मग फोड आणणाऱ्या बुटांपेक्षा ओळखीचे तळवे बरे असा सरळ हिशेब. माझं विचाराल तर मी एकदा दहा किलोमीटरच्या रेसच्या आदल्या संध्याकाळी हौसेने नवे कोरे बूट घेतले आणि सहाव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसून मोजा काढला तेव्हा टाचेची कातडी मोज्यासकट आली. माझ्याकडे ओळखीचे तळवे नव्हते, मी रिक्षाने घरी आलो.

त्यामुळे परिपाठात गोष्ट जरूर सांगा, फक्त "पैसे नव्हते" च्या जागी "बूट चावत होते" म्हणा, मुलांना चावणारे बूट चांगले कळतात.

प्रश्न : पण जिंकला कसा? शेवटपर्यंत आघाडीवर होता की मागून आला? जरा डिटेलमध्ये सांगा, आम्हाला रेसमध्ये काय झालं ते वाचायचंय. (रनिंग ग्रुपमधले चौघं, नाशिक)

आता कसं, हा माझ्या आवडीचा प्रश्न.

१० सप्टेंबर १९६०. उन्हाळ्याचा ताप नको म्हणून रेस संध्याकाळी साडेपाचला ठेवलेली. ऑलिंपिकची मॅरेथॉन कुठूनही सुरू झाली तरी संपणार स्टेडियममध्ये अशी रीत होती, रोमने ती पहिल्यांदा मोडली, सुरुवात आणि शेवट दोन्ही स्टेडियमबाहेर, सुरुवात कॅपिटोलिन टेकडीच्या पायथ्याशी आणि शेवट कॉन्स्टंटाइनच्या कमानीशी. मधल्या टप्प्यात जुना अप्पियन रस्ता, तोपर्यंत अंधार पडलेला, रस्त्याच्या कडेने सैनिक मशाली घेऊन उभे. डोळ्यासमोर आणून बघा, दोन हजार वर्षांपूर्वीचा दगडी रस्ता, मशाली, आणि त्यावरून अनवाणी पायांचा चपचप आवाज.

निस्कानेनने त्याला आधी सांगून ठेवलेलं की मोरोक्कोचा राधी बेन अब्देस्सलाम यावर नजर ठेव, त्याचा नंबर २६ असेल. अबेबे बिचारा आज्ञाधारक शिपाई, २६ नंबर शोधतोय. शोधत शोधत पुढे जातोय, एकेकाला मागे टाकतोय, २६ काही दिसेना. साधारण अर्ध्या अंतरानंतर आघाडीवर दोघंच उरले, एक हा, छातीवर ११ नंबर, आणि शेजारी एक जण १८५ नंबरवाला. अबेबेला वाटतंय २६ अजून पुढेच कुठेतरी असणार. आणि १८५ वालाच राधी होता! त्याने १०,००० मीटरच्या शर्यतीचाच नंबर लावलेला. म्हणजे ज्याला शोधत होता त्याच्याच खांद्याला खांदा लावून हा गडी वीसेक किलोमीटर पळाला. आपल्याकडे काखेत कळसा गावाला वळसा म्हणतात ना, तो ४२ किलोमीटरचा वळसा.

आणि आता खरी जागा. शेवट साधारण एक किलोमीटरवर आला असताना वाटेत एक उंच दगडी स्तंभ लागतो, अक्सुमचा. हा स्तंभ रोमचा नाहीच मुळी, तो इथिओपियाचा. १९३५ ला मुसोलिनीच्या फौजा इथिओपियात घुसल्या, पुढच्या मेमध्ये आदिस अबाबा पडलं आणि १९३७ ला हा सुमारे २४ मीटर उंचीचा, दीडशे टनांवरचा स्तंभ तुकडे करून रोमला आणून उभा केला, विजयाची खूण म्हणून. ती लढाई चालली तेव्हा अबेबे तीन-चार वर्षांचा होता, लढाईच्या धामधुमीत घरच्यांना गाव सोडून जावं लागलेलं. त्या स्तंभापाशी त्याने वेग वाढवला. आधीच ठरवलेलं होतं, कारण स्तंभानंतर रस्ता कमानीकडे उताराला लागतो आणि निस्कानेन आणि त्याने रूट बघताना ती जागा हेरून ठेवली होती. आता तुम्ही म्हणाल उतारासाठी की स्तंभासाठी? मला विचाराल तर दोन्ही, उतार पायाला आणि स्तंभ डोक्याला.

राधी मागे पडला. २ तास १५ मिनिटं १६.२ सेकंद, तेव्हापर्यंतची जगातली सगळ्यात वेगवान मॅरेथॉन, रशियाच्या सर्गेई पोपोव्हच्या वेळेपेक्षा जेमतेम पाऊण सेकंद कमी. राधी २५ सेकंदांनी मागे, तिसरा न्यूझीलंडचा बॅरी मॅगी. सहाराच्या खालच्या आफ्रिकेतल्या कोणा काळ्या खेळाडूचं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्ण, आणि ते कुठे, तर ज्यांनी त्याचा देश बळकावला होता त्यांच्या राजधानीत, फोटोग्राफरांच्या फ्लॅशमध्ये.

प्रश्न : अबेबे हे नाव आणि बिकिला आडनाव ना? मग काही ठिकाणी "बिकिला अबेबे" असं उलटं का छापतात? (एक वाचक, पणजी)

आडनावच नाहीये ते. इथिओपियात आडनावाची पद्धत नाही, स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं. बिकिला हे वडिलांचं नाव. म्हणजे आपण फॉर्मवर मधल्या रकान्यात वडिलांचं नाव लिहितो तसं, फक्त तिसरा रकाना रिकामा. त्यामुळे त्याला "बिकिला" म्हणणं म्हणजे त्याच्या वडिलांना हाक मारणं, म्हणून मी अबेबेच लिहितो. रोमच्या काळात परदेशी लोकांचा यात कायम घोळ व्हायचा.

प्रश्न : माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन चार आठवडे झालेत, जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनचं रजिस्ट्रेशन केलेलं आहे. घरचे नको म्हणतात. पण अबेबे ऑपरेशननंतर महिन्यात पळून जिंकला होता ना? हे मिस्टरांना दाखवायचंय, जरा छापा. (एक वाचक, ठाणे)

ताई, मला तुमच्या घरच्या भांडणात ओढू नका!

गोष्ट खरी आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर त्याच्या पोटात दुखू लागलं, १६ सप्टेंबरला ऑपरेशन झालं, रेस २१ ऑक्टोबरला. बरोबर पस्तीस दिवस. आणि काय पळाला! सुरुवातीला ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क पुढे होता, त्याला मागे टाकलं आणि नंतर हा एकटाच. २ तास १२ मिनिटं ११.२ सेकंद, परत एकदा जगातली सगळ्यात वेगवान वेळ. स्टेडियममध्ये शिरला तेव्हा मागे कोणी नाही. दुसरा आला ब्रिटनचा बेसिल हीटली, चार मिनिटांपेक्षा जास्त उशिरा, आणि त्या चार मिनिटांत अबेबे काय करत होता तर मैदानात हिरवळीवर आडवा पडून व्यायाम, पाय हवेत, सायकल मारल्यासारखे, मग वाकून अंगठ्याला हात. बघणारी पब्लिक थक्क. जपानी पब्लिकसाठी शेवट मात्र जिव्हारी लागणारा झाला, त्यांचा कोकिची त्सुबुराया दुसऱ्या नंबरवर स्टेडियममध्ये आला आणि हीटलीने त्याला ट्रॅकवर सगळ्यांच्या डोळ्यादेखत गाठलं. पदक द्यायच्या वेळी बँडला इथिओपियाचं राष्ट्रगीत येतच नव्हतं, त्यांनी जपानचं वाजवून टाकलं.

लागोपाठ दोन ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणारा हा पहिलाच. आणि हो, टोकियोला पायात बूट होते. रोमपेक्षा तीन मिनिटांहून जास्त फास्ट, बुटात. पण पोस्टर कायम रोमचंच लावतात, टोकियोचं कोणी लावत नाही, माझी ही जुनी तक्रार आहे.

आता तुमचं. अबेबे ऑपरेशनच्या आधी वर्षानुवर्षं रोज पळत होता, सैन्यात होता, डॉक्टर आणि कोच दिवसरात्र मागे होते. तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलंय की सर्वात लांब पळालात ते १४ किलोमीटर. टाके कोणी घातले त्या सर्जनना विचारा, ते हो म्हणाले तर पळा, नाही म्हणाले तर मिस्टर बरोबर आहेत आणि हे वाक्य त्यांना दाखवायची सक्ती नाही.

प्रश्न : तो कधी हरलाच नाही का? (इयत्ता नववीतला एक विद्यार्थी, परभणी)

हरला की. १९६३ ला बॉस्टनला पाचवा आला. पूर्ण केलेल्या आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनमधली न जिंकलेली ही एकच. म्हणजे शेवटपर्यंत पळाला तर जिंकायचा, त्यामुळे बाकीच्यांनी देवाला काय मागायचं ते तूच बघ.

आणि १९६८ ला मेक्सिको सिटी. तिसऱ्या सुवर्णाची सगळ्यांना आशा, छातीवर नंबर १ दिलेला, शहर उंचावरचं म्हणजे आदिसवाल्यांना घरच्यासारखं. पण पाय आधीपासून दुखावलेला होता, हाडाला बारीक फ्रॅक्चर, सोळा-सतरा किलोमीटरला थांबावं लागलं. पण त्याचाच देशबांधव मामो वोल्डे पुढे गेला आणि जिंकला. इथिओपियाचं सलग तिसरं सुवर्ण. नववीत आहेस ना, मग मामो वोल्डेचं नाव पण लक्षात ठेव, त्याच्या वाट्याला पोस्टर आलंच नाही.

प्रश्न : माझ्या भावाचा दोन वर्षांपूर्वी बाईकवर अपघात झाला, कमरेखाली संवेदना नाही. आधी कबड्डी खेळायचा. कोणीतरी सांगितलं की अबेबेचंही असंच झालं होतं. त्याने पुढे काय केलं? तुम्ही उगाच धीर देणारं लिहू नका, जे झालं ते लिहा. (एक बहीण, सांगली)

तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी तुम्हाला मनापासून नमस्कार.

टोकियोनंतर सम्राटाने त्याला पांढरी फोक्सवॅगन बीटल बक्षीस दिली होती. २२ मार्च १९६९ च्या रात्री ती गाडी चालवत असताना ताबा सुटला, गाडी उलटली. रस्त्यात नेमकं काय झालं याबद्दल वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, त्यात जात नाही. सकाळपर्यंत तो गाडीत अडकून पडलेला होता. आठवड्याभरात त्याला इंग्लंडला स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलमध्ये नेलं. पाठीच्या कण्याच्या पेशंटसाठी जगात नाव असलेलं हे हॉस्पिटल, पॅरालिंपिकची सुरुवातच तिथल्या पेशंटच्या खेळांतून झाली. सुरुवातीला हातही हलत नव्हते. तिथे आठ महिने काढले, हात परत आले, पाय नाही आले. एकदाही चालला नाही परत.

हात आल्यावर धनुष्यबाण घेतला, टेबल टेनिस खेळला, १९७० ला स्टोक मँडेव्हिलच्या स्पर्धेत उतरला. तिथे काही सुवर्णबिवर्ण नाही, नवशिका खेळाडू जसा खेळतो तसा खेळला. पुढच्या वर्षी नॉर्वेला अपंगांच्या स्पर्धांना पाहुणा म्हणून बोलावलं होतं, बसून बघायला, तर हा तिथे बर्फावरच्या स्लेज शर्यतीत उतरला आणि ती जिंकला. इथिओपियाच्या माणसाला बर्फ कुठला माहीत? पण शर्यत दिसली की याला बसवत नसणार. १९७२ ला म्युनिकच्या ऑलिंपिकला व्हीलचेअरवर आला तेव्हा स्टेडियम उभं राहिलं, आणि त्या वर्षीचा मॅरेथॉन विजेता अमेरिकेचा फ्रँक शॉर्टर पदक घेतल्यावर त्याला येऊन भेटला.

तुम्ही म्हणालात जे झालं ते लिहा, म्हणून हेही लिहितो. २५ ऑक्टोबर १९७३ ला मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला, अपघाताच्या दुखण्यातूनच उद्भवलेलं, ४१ वर्षांचा होता, मागे बायको येवेबदार आणि चार मुलं. देशभर दुखवटा, अंत्ययात्रेला हजारो माणसं, सम्राट स्वतः.

भावाला बाकी काही सांगू नका, एवढंच विचारा की टेबल टेनिस आवडेल की धनुष्यबाण. खेळायला लागला तर मला कळवा, छापायला नाही, असंच.

प्रश्न : आपल्याकडे कोणी अनवाणी मॅरेथॉन पळणारा झाला नाही का? आपण नेहमी बाहेरच्यांचंच कौतुक करतो. (एक ज्येष्ठ वाचक, बेळगाव)

काका, तुमच्याच बेळगावचे फडेप्पा चौगुले विसरलात होय! १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन पळाले, १९ वे आले, २ तास ५० मिनिटांच्या आसपास. त्यांच्या बरोबर सदाशिव दातारही त्या शर्यतीत होते. या सगळ्याची सुरुवात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमधून झाली, दोराबजी टाटांनी तिथे खेड्यातली शेतकरी पोरं पळताना बघितली आणि ही पोरं ऑलिंपिकला न्यायची असं ठरवलं. अबेबेच्या ४० वर्षं आधीची गोष्ट आहे ही.

आणि अनवाणीच हवा असेल तर बिहारचे शिवनाथ सिंग, तेही सैन्यातले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पायाला पट्ट्या चिकटवून पळाले आणि ११ वे आले, २ तास १६ मिनिटं. १९७८ ला जालंधरला बरोबर २ तास १२ मिनिटं नोंदवली, टोकियोच्या अबेबेपेक्षा ११ सेकंद कमी, आणि तो राष्ट्रीय विक्रम पुढे चाळीस वर्षांहून जास्त टिकला. चाळीस वर्षं विक्रम टिकला यात कौतुक शिवनाथ सिंगांचं, बाकी सगळ्यांनी जरा खाली बघायचं.

प्रश्न : मग मी पण बूट काढून पळू का? (किमान अकरा वाचक, निरनिराळ्या गावांहून)

नाही. लहानपणापासून अनवाणी वावरलेले पाय वेगळे आणि दिवसभर चप्पल-मोज्यात असलेले आपले पाय वेगळे. फारच हौस असेल तर गवतावर पाच मिनिटं, मग हळूहळू वाढवा, डांबरावर नको, आणि मधुमेह असेल तर अजिबातच नको, पायाला काच लागलेली कळतसुद्धा नाही.

प्रश्न : तो स्तंभ अजून रोममध्येच आहे का? सुट्टीत इटलीला जातोय, बघायला जाऊ. (एक दांपत्य, पुणे)

उशीर झाला तुम्हाला. १९४७ लाच परत करायचं कबूल केलेलं, पण २००५ ला एकदाचा विमानातून तुकड्यातुकड्यांनी परत गेला, २००८ ला अक्सुममध्ये परत उभा राहिला. रोममध्ये आता त्या जागी तो स्तंभ नाही, शेजारी जागतिक अन्न आणि कृषी संघटनेची मोठी इमारत दिसेल, ती मुळात इटलीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींचा कारभार बघायला बांधायला घेतली होती. तिथून कॉन्स्टंटाइनच्या कमानीपर्यंत चालत जा, दहा-पंधरा मिनिटं लागतील, अबेबेला तीनेक लागली असतील.

आणि जाता जाता एक. २०१० ला त्या विजयाला ५० वर्षं झाली म्हणून रोम मॅरेथॉनवाल्यांनी जाहीर केलं की जो अनवाणी पोचून जिंकेल त्याला पाच हजार युरो जास्त. इथिओपियाचाच सिराज गेना आघाडीवर होता, शेवटचे तीनशे मीटर राहिले तेव्हा रस्त्यात थांबला, बूट काढले, आणि पळत जाऊन जिंकला. कोणाला वाटेल ही चीटिंग झाली. मला नाही वाटत, अबेबेनेही हिशेबच केला होता.